सव्वा मूठ गहू

सुरतेतल्या नवागामात कुणालाही विचारा, जयश्री सिस्टर कुठं राहतात? उत्तर मिळेल, "भेस्तानला. पण त्या रिटायर झाल्या आता." आणि त्याच दमात पुढचा प्रश्न, "का हो, तुम्हाला काय होतंय?" बाई घरी बसून वर्ष उलटलं, तरी नवागामाची समजूत अशी की तिच्याकडं जाणारा माणूस दुखणं घेऊनच जाणार. आणि जातात की! भेस्तानच्या तिच्या दोन खोल्यांबाहेर रविवारी दुपारी एक-दोन चपलांचे जोड असतातच. ती कपाटातून पाऱ्याचं जुनं बीपीचं यंत्र काढते, दंडाला पट्टा गुंडाळते आणि म्हणते, "हात सैल सोड. झोप कशी लागते?"

ते यंत्र तिनं पहिल्या पगारातून घेतलं होतं. दवाखान्यात यंत्रं नव्हती असं नाही, पण तिला स्वतःचं हवं होतं. घरी आणलं त्या दिवशी पहिला दंड पुढं केला तो भटूनं, तिच्या धाकट्या भावानं. पट्टा फुगायला लागल्यावर तो डोळे फिरवून मेल्याचं सोंग करून पडला, आणि आईनं, मालतीबाईनं, हातातलं लाटणं त्याच्या पाठीत घातलं. "मेल्या, असलं सोंग करू नये रे घरात!" तिघंही पोट धरधरून हसली होती. जयश्रीला ते हसू अजून ऐकू येतं. यंत्र उघडलं की येतंच.

तिचे वडील छगन बोरसे खानदेशातल्या, तापीकाठच्या प्रकाशा गावाजवळच्या एका खेड्यातून सुरतेला आले, मागावर काम करायला. आपल्याकडची अर्धी माणसं अशीच आली. एकानं दुसऱ्याला ओढलं, दुसऱ्यानं तिसऱ्याला. नवागामात एक खोली, वर पत्रे. कुणी गावाची आठवण काढून उसासा टाकला की छगन म्हणायचे, "गाव सोडलं कुठं? नदी तीच आहे. आपण जरा खालच्या अंगाला आलो, एवढंच." तापीच्या काठानं माणूस वाहत आला, असं त्यांचं साधं म्हणणं होतं. जयश्री तेव्हा नऊ वर्षांची होती, भटू सहाचा.

आणि श्रावण लागला की नवागाम नवागाम राहायचंच नाही. कानबाई यायची! खानदेशातल्या माणसाला दिवाळी विसरायला सांगा, एक वेळ विसरेल. कानबाई विसरणार नाही. नागपंचमीनंतरच्या रविवारी चौरंगावर नारळाची देवी बसायची, तिला नथ, हार, नवी चोळी. रात्रभर गाणी, आणि सोमवारी सकाळी वाजतगाजत तापीवर. पण त्याआधी दोन दिवस व्हायचं ते काम मोठं नाजूक. रोटाचे गहू काढायचे. घरात जेवढे पुरुष, मांडीवरच्या पोरापासून काठीवरच्या म्हाताऱ्यापर्यंत, तेवढ्यांच्या नावानं एकेक सव्वा मूठ. एक मूठ भरून, आणि वर पाव मूठ. नाव घ्यायचं आणि सुपात टाकायचं. त्या गव्हाच्या पुऱ्या-पोळ्यांचा प्रसाद म्हणजे रोट. तो पौर्णिमेच्या आत संपवायचा, आणि तो भाऊबंदकीबाहेर जात नाही. बाईची मूठ नसते. का नसते ते कुणी विचारत नाही. भांडी मात्र तिनंच घासायची असतात.

मालतीबाईचे हात संधिवातानं वाकडे झाले तेव्हापासून मूठ जयश्री टाकायची. "छगन," सव्वा मूठ. "भटू," सव्वा मूठ. भटू समोर उकिडवा बसायचा आणि म्हणायचा, "माझी जरा मोठी भर, तुझ्या नवऱ्याचीपण माझ्यातच धर, तो काही येत नाही लवकर." हात मेल्या! असा तो होता.

पुढं भटू बापाच्याच खात्यात लागला. खातं म्हणजे मागांचा कारखाना. शंभर माग एकदम चालतात, तिथं माणूस कानात ओरडला तरी ऐकू येत नाही. म्हणून तिथली माणसं हातानं बोलतात. दोन बोटं ओठाशी नेली की चहा. कॉलर ओढली की शेठ आला. तळहात उलटा करून हलवला की नको, अंगठा छातीला टेकवला की बरं. भटूनं ही सगळी भाषा बहिणीला शिकवली. मग दोघं भावंडं घरात आईसमोर बसून हातानं बोलायची, आणि मालतीबाई चिडायची, "माझ्याबद्दल बोलता ना? बोला, बोला. मला काय समजत नाही का?" आता तुम्हीच सांगा, कसले श्रीमंत दिवस म्हणायचे ते! एक खोली, एक पंखा, आणि तोही गरम हवा फेकणारा. पण जयश्रीला आज कुणी विचारलं की आयुष्यातला कुठला काळ परत हवा, तर ती डोळे मिटून त्या खोलीचा पत्ता देईल.

भटू सव्विसाव्या वर्षी गप्प झाला. भांडण नाही, दारू नाही, प्रेमप्रकरण नाही. नुसता गप्प. आधी झोप गेली. मग जेवण. छातीत धडधडतं म्हणायचा, अंगात त्राण नाही म्हणायचा. खासगी दवाखान्यात जाऊन ताकदीची सुई घ्यायचा, सलाईनची बाटली लावून घ्यायचा. जयश्री तेव्हा चार वर्षांची नर्स. तिनं बीपी घेतलं, ठीक. नाडी घेतली, ठीक. "काही झालेलं नाही तुला," ती म्हणाली. "जास्त विचार करू नको." झालं, शिकलेल्या माणसाचं ज्ञान तिथंच संपलं!

त्या श्रावणात ती रोटाचे गहू काढायला बसली. आई देव उजळत होती, शेजारच्या दोन बाया जात्याशी गात होत्या, मोठा गलका चालला होता. "छगन," सव्वा मूठ पडली. तिनं दुसरी मूठ भरली आणि भटूकडं पाहिलं. तो दारात उभा होता. त्यानं तळहात उलटा करून हलवला. नको. माझी नको. तिला वाटलं, गंमत करतोय. किती दिवसांनी गंमत करतोय! तिला इतका आनंद झाला की तिनं हसून अंगठा छातीला टेकवला. बरं. आणि मूठ खरंच परत गोणीत सोडली. मनात म्हटलं, रोटाच्या वेळी रडत येईल, तेव्हा टाकू.

तो रोटाला आलाच नाही, घरीही परतला नाही. सोमवारी कानबाई तापीवर गेली, आणि बुधवारी भटूनं जीव दिल्याचा निरोप आला.

यापुढचं काय सांगायचं? तिच्या जमलेल्या लग्नाची बोलणी मोडली. "त्या घरातली मुलगी" असं लोक म्हणाले, आणि तोंडावर म्हणाले. बाप आठ वर्षं जगला, आई त्याहून बरीच. बाप गेल्यावर घरातला रोट बंद झाला. घरात पुरुषच नव्हता, मूठ कुणाच्या नावानं टाकायची? जयश्री श्रावणात चलथाणला चुलतभावाकडं, लोटूकडं जायची. पुऱ्या लाटायची, गाणी म्हणायची, परत यायची. मुठीमुळं माणूस जात नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. ते आजारपण होतं, त्याला नाव होतं, औषधही होतं. पुढं तिनं ते सगळं वाचलं, प्रशिक्षणं घेतली, दुसऱ्यांना शिकवलं. पण हाताला कोण सांगणार? भरलेली मूठ परत सोडल्याचं हाताला आठवायचं.

तेव्हापासून तिनं कानाला खडा लावला. नवागामच्या सरकारी दवाखान्यात तिची बदली झाली ती तिनं मागून घेतलेली. आणि तिथं ती जे करायला लागली ते कुठल्याही कागदावर लिहिलेलं नव्हतं. वीस ते पन्नासमधला माणूस आला, "सिस्टर, अशक्तपणा वाटतो, बाटली लावा," म्हणाला, की ती त्याला बसवायची आणि पट्टा गुंडाळायची. पट्टा बांधलेला माणूस उठून जाऊ शकत नाही. हात तिच्या हातात असतो, नजर पाऱ्याकडं असते, तोंडाकडं बघावं लागत नाही. अशा वेळी माणूस खरं बोलतो. ती विचारायची, झोप कशी? जेवण गोड लागतं का? आणि खानदेशातला असला तर तिसरा प्रश्न, अगदी सहज, "तुनी मूठ कोन टाकस रे?" तुझी मूठ कोण टाकतं? माणसं हसून सांगायची, आई टाकते, बायको टाकते. एखादा गप्प व्हायचा. त्या गप्प झालेल्याला ती सोडायची नाही. दुसऱ्या मुलखातल्या माणसाला विचारायची, गावाहून पहिला फोन कुणाचा येतो? उत्तराला वेळ लागला की हिनं ओळखावं.

मग डॉक्टर केदार आले. बँकेतल्या साहेबांचा मुलगा, पुण्याकडचा, हुशार आणि मनानं चांगला, पण कागदावर फार भरवसा. त्यांनी एक फॉर्म आणला, नऊ प्रश्नांचा. मन उदास असतं का, कशात रस वाटतो का, असं सगळं. एका खात्यात शिबिर लावलं आणि चाळीस कामगारांनी फॉर्म भरले. चाळीसही जणांनी सगळीकडं "नाही" लिहिलं. केदार खूश. "सिस्टर, अख्खं खातं ठणठणीत!"

"डॉक्टर," जयश्री म्हणाली, "चाळीस माणसं, बारा-बारा तास उभी, त्या आवाजात. आणि एकालाही कधी वाईट वाटत नाही? देवळातल्या देवालासुद्धा वाटत असेल हो कधीतरी. त्यांचा मुकादम मागं उभा होता ते पाहिलंत का?"

केदार लाल झाले. चार दिवस बोलले नाहीत. पाचव्या दिवशी येऊन म्हणाले, "मग कसं विचारायचं?" जयश्रीनं त्यांच्याच दंडाला पट्टा बांधला. "झोप कशी लागते, डॉक्टर?" म्हटलं, आणि डॉक्टर दहा मिनिटं आपल्या झोपेबद्दल बोलत राहिले. त्या दिवसापासून तिला कोपऱ्यात एक टेबल, पडदा आणि माणशी दहा मिनिटं मिळाली. नऊ प्रश्न तिनं सोडले नाहीत बरं का. फॉर्म चांगलाच होता. ती ते प्रश्न पट्ट्याआडून विचारायची, आणि गरज दिसली की माणसाला हाताला धरून केदारांच्या पुढ्यात नेऊन बसवायची.

आता गोपाळची गोष्ट. तिच्या निवृत्तीच्या दोन वर्षं आधीची. त्या वर्षी कानबाईच्या आधीचा शुक्रवार होता, दुपारचे बारा वाजले होते. दवाखान्यात मनीषा आली होती, डोकेदुखीची गोळी मागायला. तिचा नवरा गोपाळ चौतिसाचा, खात्यात कारागीर. सासू प्रमिलाबाई, नेमधर्माला एकदम कडक. मनीषाला घाई होती. "लवकर द्या सिस्टरबाई, घरी गहू काढायचेत. सासूबाई सुपाशी बसून असतील."

"मग आज तुझी चंगळ," जयश्री म्हणाली.

"कसली चंगळ! यांचं डोकं फिरलंय. सकाळी आईंना म्हणतात, औंदा मनी मूठ टाकू नका, माझी नकोच. आईंनी असा हासडला त्यांना! तर हसले आणि पोराला आपलं घड्याळ देऊन टाकलं. किती दिवसांनी हसले बाई, मला तर बरंच वाटलं."

जयश्रीच्या हातातली गोळ्यांची पट्टी टेबलावर पडली. सत्तावीस वर्षं ती हे वाक्य ऐकायची वाट बघत होती आणि देवाकडं मागत होती की ते कधी ऐकू येऊ नये.

"गोपाळ कुठं आहे आता?"

"घरीच. रात्रपाळी आहे ना. का हो?"

"तू घरी फोन कर. सासूबाईंना सांग, मी येईपर्यंत त्याच्याजवळ बसा, कुठंही पाठवू नका. आणि तू आत जाऊन डॉक्टरांना सांग, सिस्टरनं मागोमाग बोलावलंय. पळ." तिनं यंत्र काखेत मारलं आणि निघाली. छप्पन्नाला टेकलेली बाई, गुडघे कुरकुरणारे, नवागामच्या गल्लीतून अशी चालली की भाजीवालीनं आपली टोपली बाजूला ओढली. वाटेत ती एकच वाक्य घोकत होती. देवा, या वेळी अंगठा नको. या वेळी अंगठा नको.

गोपाळ घरातच होता. आंघोळ केलेली, स्वच्छ शर्ट घातलेला, चपला पायात. निघण्याच्या बेतातच होता. दारात प्रमिलाबाई सूप पुढ्यात घेऊन ठाण मांडून बसलेली. "फोनवर काय सांगितलं मेलीनं कळलं नाही," ती म्हणाली, "पण म्हटलं, दारातच बसावं."

"यंत्र बिघडलंय का बघायचंय," जयश्री धापा टाकत म्हणाली. "बस गोपाळ. हात दे." त्याला नाही म्हणता आलं नाही. तो बसला. तिनं पट्टा बांधला, पण फुगवला नाही. हात हातात धरून ठेवला आणि आपल्या घरच्या बोलीत सरळ विचारलं.

"गोपाळ, मराना इचार येस का मनमा?"

प्रमिलाबाईच्या तोंडून "अगं बाई!" निघालं. असं कुणी सणाच्या दिवशी बोलतं का? लोकांना वाटतं, विचारलं की माणसाच्या डोक्यात नसलेलं भरतं. भरत नाही. असलेलं बाहेर येतं. गोपाळ पाऱ्याकडं बघत राहिला. 

"हां," तो म्हणाला. आणि मग बांध फुटला. चार महिने झोप नाही. माग चालतो आणि डोक्यात एकच चालतं, की आपण नसलो तर सगळ्यांचं बरं होईल. कुणाला सांगणार? खात्यात ऐकू येत नाही, घरी सांगवत नाही. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, ते काय उगीच?

जयश्री ऐकत राहिली. "असं बोलू नये" म्हणाली नाही, "पोराकडं बघ" म्हणाली नाही. शेवटी एवढंच म्हणाली, "माझ्या भावानं हेच सांगितलं होतं. मला तेव्हा ऐकू आलं नाही. आज आलंय, तर मी इथून हलणार नाही. हा आजार आहे, गोपाळ. तुझा दोष नाही, आणि याला औषध आहे."

केदार आले, तेही धापा टाकत. त्याच दुपारी मोठ्या सरकारी दवाखान्यात न्यायचं ठरलं. तिथं मात्र प्रमिलाबाई उभी राहिली. "माझ्या लेकाला वेड्याच्या दवाखान्यात नेता? नातेवाईक काय म्हणतील?"

आता जयश्रीचं डोकं सटकलं. "काय म्हणतील ते मी सांगते, मावशी. मला म्हणाले होते ना! पण तेव्हा माझा भाऊ राहिला नव्हता, आणि तुमचा लेक आहे. तुम्ही साखरेची गोळी रोज घेता, ती घेतल्यानं तुम्ही काय साखर कारखाना झालात का? ही त्याची गोळी. निघा."

प्रमिलाबाई खाली बसली, मूठ गव्हात घातली, "गोपाळ" असं मोठ्यानं म्हणाली आणि सव्वा मूठ सुपात टाकली. "आता जा," ती लेकाला म्हणाली. "रोट तुझ्यावाचून मोडायचा नाही. पौर्णिमेच्या आत ये." तिला रडायला येत होतं, पण सण होता म्हणून ती रडली नाही.

दुखणं हत्तीच्या पावलानं येतं आणि मुंगीच्या पावलानं जातं. गोपाळला आठ महिने लागले. गोळ्यांनी पहिले पंधरा दिवस काही झालं नाही, तेव्हा तो चिडला. जयश्री रोज सकाळी त्याच्या दारावरून जायची आणि खिडकीतून विचारायची, झोप किती? घरातल्या धोक्याच्या वस्तू कशा सांभाळायच्या, त्याला एकटं कधी सोडायचं नाही, हे मनीषा शिकली. केदारांनी खात्याच्या मालकाशी बोलून त्याची रात्रपाळी काढली. एकदा मध्येच गोळ्या सोडल्या, घसरला, पुन्हा उभा राहिला. आणि बरा होत होता तेव्हा त्यानं एक गंमत केली. खात्याच्या हातांच्या भाषेत चहा होता, शेठ होता, तुटलेला धागा होता. "आत बरं नाही" याला खूणच नव्हती. गोपाळनं ती काढली: मिटलेली मूठ छातीवर धरायची. कुणी ती केली की शेजारचा कारागीर माग थांबवून विचारणार, आणि लागलं तर सिस्टरबाईकडं नेणार. दोन वर्षांत त्या खुणेनं किती माणसं तिच्या टेबलाशी आली ते तिनं मोजलं नाही. केदारांनी मोजलं असेल, त्यांना आवड.

जयश्री निवृत्त झाली तो महिना श्रावणाचाच. दवाखान्यात हार, नारळ, शाल झाली, केदारांना भाषण येईना, त्यांनी नुसता दंड पुढं केला आणि सगळे हसले. तीच हसली नाही. उद्यापासून कुणाचा दंड नाही, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

त्यानंतरच्या शुक्रवारी दुपारी मनीषाचा फोन आला, "सिस्टरबाई, घरी या, आईंचं बीपी बघा." गेली. प्रमिलाबाई ठणठणीत, सुपाशी बसलेली. जात्यावर दोघी गात होत्या, पोरं ढोलकी बडवत होती, मोठा गलका. गोपाळ समोर उकिडवा बसला होता. जयश्रीला क्षणभर दुसरीच खोली दिसली, आणि तिनं भिंतीला हात टेकला.

"बसा," गोपाळ म्हणाला. तिच्याच यंत्राचा पट्टा त्यानं उलटासुलटा तिच्या दंडाला गुंडाळला. "हात सैल सोडा. झोप कशी लागते?"

"गाढवा, पट्टा उलटा आहे."

"जेवण गोड लागतं का?" तिनं पट्टा सरळ करायला दुसरा हात पुढं केला. निवृत्तीपासून लागत नव्हतं. त्यानं हात सोडला नाही. "तुमनी मूठ कोन टाकस, सिस्टरबाई?"

तीस वर्षं तिनं हा प्रश्न हजारांना विचारला, तिला कुणी विचारला नव्हता. "बाईनी मूठ र्‍हास नही रे," ती कशीबशी म्हणाली. "आणि मी तुमच्या भाऊबंदकीतली नाही."

गोपाळनं आईकडं पाहिलं. सगळ्या खोलीला ठाऊक होतं, नियमाच्या बाबतीत प्रमिलाबाई देवाचंसुद्धा ऐकत नाही. म्हातारीनं पदर सावरला. "माझी मूठ जिनं राखली ती भाऊबंद नाही तर कोण? कानबाई काय, तीही बाईच आहे. रागावली तर माझं मी बघीन." आणि लेकाला म्हणाली, "टाक. आणि जरा मोठी भर."

गोपाळ सुपापाशी गेला. त्यानं मूठ भरली आणि वर धरली. ढोलकीच्या आवाजात काही ऐकू येईना, म्हणून त्यानं खात्यातल्यासारखं मान वर करून विचारलं. टाकू?

जयश्रीचे डोळे भरून आले होते, समोरचं धड दिसत नव्हतं. पण हाताला आठवत होतं. तिनं अंगठा उचलला आणि छातीला टेकवला.